सातवीपासून मुलीला बोर्डिंगला पाठवायचं आहे, नागपूरकरांनो अनुभव सांगा

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार. मुलगी सहावीत आहे, इथेच नागपुरात, सीबीएसईला. सातवीपासून तिला निवासी शाळेत घालायचा विचार जवळजवळ पक्का होत आलाय. मूळ विचार तिचाच, हे मुद्दाम सांगते. तिची मामेबहीण अशा एका शाळेत आहे आणि सुट्टीत आली की दोघींच्या गप्पा रात्री संपता संपत नाहीत. आम्ही दोघंही नोकरी करतो. ती साडेतीनला घरी येते, मी साडेसातला. मधला वेळ ट्यूशन आणि मोबाइलमध्ये जातो. तिला धावायला आवडतं, नाटकात काम करायला आवडतं, चित्रं तर सतत चालू असतात, पण यातल्या कशालाच आठवड्यात जागा उरत नाही.

बघतोय त्या दोन्ही शाळा खासगी, ट्रस्टने चालवलेल्या. एक पाचगणीकडची, एक मध्य प्रदेशातली. ब्रोशर पाठ झालेत. घोडे, पोहण्याचा तलाव, स्मार्ट क्लास, सगळं आहे. मला कळत नाही ते हे, की रोजचा अभ्यास तिथे कोण बघतं? ट्यूशन नाही म्हणतात, मग अडलेलं गणित कोण समजावतं? आणि शंभरेक मुलींसोबत वर्षानुवर्षं राहणं म्हणजे नेमकं काय? ज्यांनी तिथे शिकलंय, शिकवलंय किंवा मुलांना पाठवलंय त्यांनी सविस्तर लिहा. घरात सासूबाईंचा विरोध आहे, त्यांनाही हा धागा वाचून दाखवणार आहे.

प्रेप_ड्यूटी

ताई, मी अशा शाळेत गणित शिकवत होते आणि मुलींच्या हाउसमध्येच, म्हणजे वसतिगृहातच, राहत होते. आता नागपुरात आहे. म्हणून जरा लांबण लावते.

अशा शाळेत वर्ग दुपारी दीड-दोनला सुटतात. जेवण, तासभर आडवं पडणं, मग मैदान, आंघोळ, खाणं. आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला प्रेप. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या प्रेपमध्ये आहे. सगळ्या मुली एका हॉलमध्ये किंवा आपापल्या वर्गात बसतात, एक शिक्षक ड्यूटीवर, बोलणं बंद. गृहपाठ, वाचन, राहिलेलं लिखाण तिथेच होतं. रात्री जेवणानंतर मोठ्या मुलींसाठी दुसरं प्रेप.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आमच्याकडे सातवीची एक मुलगी गुणोत्तर-प्रमाणात अडकली होती. वर्गात मान डोलवायची आणि प्रेपला वही उघडून तासभर समास आखत बसायची. घरी असती तर हे कोणालाच दिसलं नसतं, कारण ट्यूशनवाल्याने गणित सोडवून दिलं असतं आणि वही भरलेली दिसली असती. आमचा नियम असा, की अडलं तर आधी शेजारणीला चिठ्ठीवर विचार, मग नववी-दहावीच्या ताईकडे जा, तरी नाही जमलं तर शिक्षकांकडे. ती एका नववीतल्या मुलीकडे गेली. तिने मेसमधली डाळ आणि पाण्याचं प्रमाण घेऊन, मेस कमिटीच्या वहीतलेच आकडे वापरून समजावलं. मी चार बाकं लांब बसून ऐकत होते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मी तेच उदाहरण घेतलं. लहानीला गणित आलं आणि मोठीलाही ते दुसऱ्याला सांगण्याइतकं पक्कं झालं. चांगल्या निवासी शाळेतला अभ्यास हा असा असतो. स्मार्ट बोर्डाचा त्यात फारसा वाटा नाही.

पण हेच प्रेप वाईट शाळेत नुसती डांबून ठेवण्याची वेळ होते. ड्यूटीवरचे सर मोबाइल बघतात, मुली झोपतात. म्हणून शाळेला एकच विचारा: संध्याकाळी सहानंतर आवारात कोणकोणत्या विषयांचे शिक्षक असतात? गणित-विज्ञानाचे शिक्षक गावातून येऊन तीनला परत जात असतील, तर अडलेलं अडलेलंच राहतं. दुसरं, शिक्षक किती वर्षं टिकतात ते बघा. दर जूनला निम्मे चेहरे बदलत असतील तर मुलीला ओळखणारं कोणी उरत नाही, आणि इतकी फी भरायची ती कोणीतरी तिला ओळखावं यासाठीच.

खैरीवाला

मी नवोदयचा पोट्टा, नवेगाव खैरी. वरचं सगळं वाचून आमचा सेल्फ स्टडी आठवला, नाव तेवढं वेगळं. ताई, पैसे भरून जे शोधून राह्यल्या ते आमच्याकडे सरकारनं फुकट दिलं होतं, आणि हे अभिमानानं सांगतो. शेतकऱ्याचं, मास्तरचं, पानठेलेवाल्याचं, तलाठ्याचं पोरगं एकाच ओळीत ताट घेऊन उभं. नवोदयच्या 75 टक्के जागा ग्रामीण भागासाठी राखीव असतात, आणि एकतृतीयांश जागा मुलींना.

तुमच्या मुलीची सहावीची संधी गेली. ती परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते. रिकाम्या जागा असल्या तर नववीसाठी वेगळी निवड परीक्षा असते, ती ध्यानात ठेवा. आणि नवोदयची एक गोष्ट महागड्या शाळेतही भेटत नाही. नववीत 30 टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची आपल्याकडे येतात. आमच्या डॉर्मिटरीत हिंदी पट्ट्यातली पोरं आली तेव्हा पहिला महिना नुसता हातवारे आणि भांडणं. दिवाळीपर्यंत ते आमच्या पोळ्याच्या गोष्टी सांगू लागले आणि आम्ही त्यांच्या छठच्या. एकत्र राहणं काय असतं, ते मले तिथं समजलं.

महालची_आजी

मी त्या सासूबाई नव्हे, पण त्यांच्या बाजूने लिहिते. अकरा-बारा वर्षांची मुलगी म्हणजे शरीर बदलण्याचं वय. त्या वयात रात्री पोट दुखलं तर उठवायला आई हवी. घरी आजी-आजोबा, काका-काकू असतात, त्यांच्यात राहून मूल जे शिकतं ते कोणती शाळा शिकवणार? आमच्या वाड्यात मुलं एकमेकांना गणित शिकवायची, त्याला फी लागत नव्हती. चार तास रिकामे आहेत तर ते आधी भरायचा प्रयत्न करा. आजी घरात आहे ना.

त्रिमूर्तीनगरची_आई

आजी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना दोनदा वाचून दाखवला. त्यांचे गुडघे गेलेत, मुलीला मैदानावर नेणं त्यांना जमत नाही, हेच त्यांना लागतं. पण पोट दुखण्याचा प्रश्न माझाही आहे. कोणी सांगेल का?

प्रेप_ड्यूटी

आजींचं म्हणणं खरं आहे आणि त्याचं उत्तर एका व्यक्तीत आहे: मेट्रन, म्हणजे हाउसमध्ये राहून मुलींची काळजी घेणारी बाई. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना अर्धा तास देत असाल तर मेट्रनला एक तास द्या. आमच्या हाउसच्या मेट्रन साताऱ्याच्या होत्या. त्यांच्या खोलीचं दार रात्री कधी लागलं नाही. कपाटात गरम पाण्याच्या पिशव्या, पॅड, जादा चादरी, हिंगाची डबी. नवीन सातवीची बॅच आली की पहिल्याच रविवारी सगळ्यांना बसवून पाळीबद्दल बोलायच्या, ज्यांना आली नव्हती त्यांच्यासमोरही. चादर खराब झाली तर काय करायचं, कोणत्या बादलीत टाकायची, कोणाला सांगायचं. त्यामुळे ज्या रात्री प्रसंग येई त्या रात्री मुलगी रडत नसे, सरळ दार ठोठावायची.

शाळेत सिक बे, म्हणजे आजारी मुलांसाठीची खोली, आहे का, तिथे रात्री नर्स मुक्कामाला असते का, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, हेही विचारा. पाचगणीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात रस्ता आणि धुकं दोन्ही असतं, हे डोक्यात ठेवून विचारा.

शंकरनगर_चौक

दुसरी बाजू लिहितो. माझा मुलगा आठवीत अशाच एका शाळेत होता, वर्ष संपल्यावर परत आणला. शाळेचं नाव लिहीत नाही. सिनिअर मुलं धाकट्यांकडून बूट पॉलिश करून घेत, रात्री उठवून पाणी आणायला लावत, नाही म्हटलं तर मेसमध्ये त्याच्याशी कोणी बोलत नसे. शेवटचं सगळ्यात जास्त लागायचं त्याला. हाउसमास्तरांना भेटलो तर म्हणाले, याने मुलं कणखर होतात, आम्हीही यातूनच गेलो. त्या वाक्यानंतर माझा निर्णय झाला.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर 2012 चा पॉक्सो लागतो, आणि त्यात कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, शाळेलाही लागू. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर मुलाला पाठ हवा. पण कायदा नंतरचा. आधी शाळेला विचारा की गेल्या वर्षी दादागिरीच्या तक्रारी आल्या का आणि तुम्ही काय केलं. आमच्याकडे असं होतच नाही, हे उत्तर मिळालं तर मी पुढच्या शाळेकडे वळेन. जिथे शंभर मुलं राहतात तिथे होतं. जिथे आल्या, आम्ही हे हे केलं, असं सांगतात तिथे निदान कोणाचं तरी लक्ष आहे.

मुलगा आता बरा आहे, नागपुरातच शिकतोय. चालायला जाताना कधीकधी तिथल्या दोन मित्रांबद्दल भरभरून बोलतो. म्हणून सगळंच वाईट होतं असंही म्हणत नाही.

माजी_हाउस_कॅप्टन

शंकरनगरच्या काकांचा प्रतिसाद वाचून पोटात तुटलं. मी सातवी ते बारावी बोर्डिंगला होते, धंतोलीची. मला जे मिळालं ते चांगलं मिळालं, त्यामुळे तेवढंच लिहू शकते.

एकत्र राहणं म्हणजे काय, तर टक. घरून आणलेला खाऊ. पहिल्या दिवशी प्रत्येकीचा डबा स्वतंत्र, कुलूपबंद. माझ्या डब्यात संत्रा बर्फी, शेव-चिवडा आणि आईने केलेले तांदळाचे पापड, जे तळायला तेल-कढई कुठून आणणार याचा विचार कोणीच केला नव्हता. दोन आठवड्यांत डॉर्मचा सगळा खाऊ एका ट्रंकेत आला आणि वाटपाची वही झाली. त्या वहीवरून झालेली भांडणं मी विसरणार नाही. एकीच्या घरून दर महिन्याला पार्सल यायचं, एकीच्या घरून वर्षातून एकदा. वाटा सारखा की आणलं त्या प्रमाणात? आम्ही रात्री दिवे गेल्यावर कुजबुजत यावर मतदान घेतलं. सारखा ठरला. जिच्या घरून सगळ्यात जास्त यायचं ती आठवडाभर रुसली आणि मग तिनेच पापड स्वयंपाकघरात भाजून आणायची परवानगी मिळवली. नागरिकशास्त्राच्या पेपरात मला चांगले मार्क पडायचे त्याचं मूळ या वहीत असावं.

मेस कमिटीत असताना कळलं की साडेतीनशे जणांची भाजी म्हणजे काय असतं आणि ताटात टाकलेलं अन्न रोज वजन करून फळ्यावर लिहिलं की ते कसं कमी होतं. नाटक, इंटर-हाउस सामने, वर्गातलं वादविवादाचं वेड, हे सगळं होतंच. पण आज ऑफिसात कठीण माणसांसोबत काम करताना उपयोगी पडतं ते ट्रंकेचं राजकारण.

नागपूरकरांना दोन गोष्टी जास्त जड जातात. एक, इथल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात आणि बोर्डिंग बरेचदा त्याआधी. इकडे मामाकडे आंबे खाणारी भावंडं अजून सुट्टीत आणि तुम्ही ट्रंक भरताय. दुसरं म्हणजे पोळा, तान्हा पोळा आणि मारबत. दिवाळीला घरी येतोच, पण पिवळ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा आपण तिथे कुठेतरी भूगोलाच्या तासाला असतो. मी दरवर्षी त्या दिवशी चिडचिडी असायचे. शेवटी मैत्रिणींना सगळी गोष्ट सांगितली आणि बाराव्या इयत्तेत आम्ही कागदाची मारबत करून मैदानाला फेरी मारली. वॉर्डन बाई पुढे होत्या.

पैशाचा फरकही सांगते, कारण ब्रोशर सांगत नाही. गणवेश एक, पॉकेट मनी एक, तरी सुट्टीतून परतल्यावर कोण युरोपला गेलं आणि कोण अमरावतीला मावशीकडे, हे सगळ्यांना कळतं. तुमच्या मुलीला हे आधी सांगून ठेवा, सरळ शब्दांत. मला बाबांनी सांगितलं होतं की आपण फी भरतोय म्हणून बाकी हात आखडता राहील. त्याचा मला फार आधार वाटला.

वर्धा_रोड

चर्चा फार मोलाची चालली आहे. एक जोड देतो. एकत्र राहणं आणि काम करणं हाच अभ्यास, हा विचार आपल्या शेजारी 1937 मध्ये मांडला गेलाय. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीमचं काम आशादेवी आणि आर्यनायकम यांनी उभं केलं. सफाई, सूत, शेती, स्वयंपाक यातून गणित आणि विज्ञान. वरची डाळ-पाण्याची गोष्ट त्याच कुळातली आहे.

म्हणून मी शाळेत एक गोष्ट बघतो: मुलं स्वतः काय करतात? अंथरूण, ताट, शौचालयाची पाळी, बाग. सगळं नोकर करत असतील तर ते हॉटेल आहे. आणि शिक्षा म्हणून सफाई देत असतील तर ते त्याहून वाईट, कारण मग मूल कामालाच कमी लेखायला शिकतं.

प्रवेश_मार्गदर्शन

भावनिक बाजू चांगली मांडली गेली, पण मध्य प्रदेशातली शाळा यादीत आहे म्हणून एक कोरडी गोष्ट लिहिणं भाग आहे. मुलीला पुढे एमबीबीएस करायचं असेल तर हे आत्ताच वाचा. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, 85 टक्के राज्याच्या. म्हणजे आपलं नागपूरचं मेडिकल असो की मेयो. या 85 टक्क्यांसाठी महाराष्ट्राचं डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात सवलत आहे. बाकीच्यांनी दहावी इंदूर, ग्वाल्हेर किंवा डेहराडूनला केली तर नीटला चांगले मार्क असूनही हा दरवाजा बंद होतो. इंजिनीअरिंगला एवढं कडक नाही, तिथे पालकांच्या डोमिसाइलवर मार्ग आहे. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघायचीच, पण सातवीत शाळा निवडताना हे माहीत हवं. दरवर्षी बारावीनंतर रडत येणारे पालक बघतो.

त्रिमूर्तीनगरची_आई

बाप रे, हे शाळेच्या माणसाने एका शब्दाने सांगितलं नाही. मुलगी आज चित्रकार म्हणते, परवा प्राण्यांची डॉक्टर म्हणत होती, दोन वर्षांनी काय म्हणेल कोण जाणे. दहावीचा दरवाजा बंद करायचा नाही असं आम्ही दोघांनी आत्ताच ठरवलं. मध्य प्रदेशची शाळा यादीतून काढली, जवळ असूनही. शिवाय मराठीचाही प्रश्न मनात होता.

माजी_हाउस_कॅप्टन

मराठीचं बरं झालं विचारलंत. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे राज्यात राहिली तर वर्गात मराठी असेल. पण डॉर्ममध्ये इंग्रजी-हिंदीच चालते. माझी मराठी टिकली ती पत्रांमुळे. दर रविवारी नाश्त्यानंतर पत्र लिहायचा तास असायचा आणि आजीला इंग्रजी येत नव्हतं. तिची उत्तरं यायची त्यात ‘करून राह्यली’, ‘जेवून घेजो’ असली आपली भाषा. मैत्रिणी ती पत्रं मोठ्याने वाचायला लावायच्या. सासूबाईंना सांगा, हे काम त्यांचंच आहे, आणि त्याला गुडघे लागत नाहीत.

खैरीवाला

अंतराचं टेन्शन नका घेऊ. पुण्याची रात्रीची गाडी आहे, तिथून पाचगणी शंभर किलोमीटरच्या आसपास. नाशिककडच्या शाळाही बघा, समृद्धी 2025 पासून पूर्ण सुरू झाल्यावर तो पल्ला एका दिवसात होते. फक्त दर पंधरा दिवसांनी भेटायला पळू नका. आमच्याकडे ज्याचे मायबाप लय यायचे तोच पोरगा लय दिवस रडे.

प्रेप_ड्यूटी

याला माझंही अनुमोदन. पहिले सहा-आठ आठवडे अवघड असतात, मुलीला आणि तुम्हालाही. ठरलेल्या दिवशी फोन येईल, ती रडेल, ठेवल्यावर दहा मिनिटांत खेळायला जाईल आणि तुम्ही रात्रभर जाग्या राहाल. तेव्हा लगेच हाउसमिस्ट्रेसला फोन करून जेवते का, झोपते का, कोणाशी बोलते का हे तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींना हो असेल तर थांबा. एकालाही नाही असेल आणि आठवडाभर तसंच असेल तर निघा. आवडलं नाही तर लगेच घेऊन येते, असं आधी कबूल करू नका, कारण मग ती रुजायचा प्रयत्नच करत नाही. त्याऐवजी दिवाळीला आपण तिघं बसून ठरवू असं सांगा, आणि दिवाळीला खरंच बसा.

शंकरनगर_चौक

एक भर. घरात तिच्याशी एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवा. फोनच्या रांगेत मागे सिनिअर उभे असतात, मूल मोकळं बोलू शकत नाही. तो शब्द आला की प्रश्न न विचारता तुम्ही जायचं. आम्ही आता धाकटीच्या सहलीलाही हे करतो.

त्रिमूर्तीनगरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचगणीच्या शाळेला फोन केला की आम्हाला सकाळी नको, संध्याकाळी पाच ते नऊ यायचं आहे, प्रेप आणि जेवण बघायचं आहे. आधी म्हणाले पालकांना त्या वेळात परवानगी नसते, मग विचारून सांगतो म्हणाले, आणि काल हो आलं. पुढच्या महिन्यात जातोय, मुलीला घेऊन, सासूबाईही येणार म्हणतात. त्यांना मेट्रनला भेटायचं आहे. नाशिककडच्या एका शाळेलाही हेच विचारलंय, उत्तर आलेलं नाही. अजून काय बघू?

प्रेप_ड्यूटी

मुलींच्या बाथरूममध्ये जाऊन गरम पाण्याचा नळ सोडून बघा. आणि मुलीला तासभर तिच्याच वयाच्या मुलींमध्ये एकटी सोडा, तुम्ही कोणीच जवळ थांबू नका.